पाहुण्यांवरचा उपचार

राजकोटच्या तरलिकाबेनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच तब्येतीची खबर काढायला दवाखान्यात माणसं लोटली. मुलानं फाफडा-जिलेबी मागवली. पाहुणे मिटक्या मारत एकमेकांना बिघडलेल्या ऑपरेशनांच्या हकिकती सांगू लागले. तरलिकाबेन दात आवळून पडून होत्या.

दुपारी डॉक्टर मौलिन एक जाडजूड चष्मा घेऊन आले. तो लावला की डोळ्यांपुढे हिमालयातली दरी येई, कानात झरा वाहू लागे आणि नाकाजवळच्या डबीतून देवदाराचा वास सुटे. मन तिकडे गुंतलं की दुखणं कमी जाणवतं, गोळ्याही कमी लागतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. तरलिकाबेनना तो वास आधी फिनाइलसारखा वाटला. पण हळूहळू त्या दरीत अशा रमल्या, की गुडघा जणू शेजारणीचा.

तेवढ्यात मुलानं त्यांच्या चष्म्याचा कानावरचा भाग सरकवला. रमीलाफोई आल्या होत्या, आणि मम्मी त्यांच्याशी बोलली नाही तर बरं दिसलं नसतं. या फोई म्हणजे मुलाची आत्या, तरलिकाबेनची थोरली नणंद. समोर देवदार डुलत होते आणि फोई जामनगरच्या कुणा बाईची गोष्ट सांगत होत्या: असंच ऑपरेशन, मग पू, मग पायच कापला. गुडघा पुन्हा तरलिकाबेनचा झाला.

त्यांनी चष्मा उतरवून नणंदेपुढे धरला.

"मोटाबेन, तुमची कंबर दुखते ना? हा लावून बघा. पण बोलायचं नाही हं, बोललं की गुण येत नाही."

फोई दरीत गेल्या त्या गेल्याच. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. पाठोपाठ जेठ, म्हणजे थोरले दीर, आणि मावससासू रांगेत बसले. कुणी फिरून आलं की दुसरं जाई. तरलिकाबेनना गाढ झोप लागली.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा दुखणं पुष्कळ कमी होतं. ते हरखले. चष्मा तरलिकाबेनच्या डोळ्यांवर चढवून त्यांनी फोटो काढला.

"मासी, हा चष्म्याचाच परिणाम ना?"

"चष्म्याचाच. उद्या आणखी दोन आणा."

"पण हे फक्त पेशंटसाठी असतात."

"मग मी कुणासाठी मागतेय?"

पुढे एका मोठ्या परिषदेत डॉक्टरांनी तो फोटो दाखवला आणि टाळ्या घेतल्या. रमीलाफोईंना ते फार लागलं. दरीत जास्त वेळ त्या राहिल्या होत्या, आणि फोटो मात्र भावजयीचा.