पूजलेली डिस्क

आमच्या बोरिवलीच्या घरात कॉम्प्युटरला फक्त मीच हात लावायचा, असा नियम आहे. नियम अर्थात मीच केलेला. दुकानदारांना काय कळतं!

महिनाभर कुरकुरणारी हार्डडिस्क मी शनिवारी सकाळी काढली आणि नवी बसवली. माझी बायको अक्षता कॉलेजवर शिकवायला निघाली होती. दारातून म्हणाली, "सुबोध, माझं सगळं कॉपी केलंस ना? नक्की?"

"अगं, डी ड्राइव्ह पूर्ण उचललाय. जा तू."

तिचं सगळं म्हणजे सात वर्षांची पीएचडी. गिरणी कामगारांच्या बायकांच्या मुलाखती, त्यांच्याच आवाजात. त्यातल्या निम्म्या बायका आता हयात नाहीत.

जुनी डिस्क मी जेवणाच्या टेबलावर ठेवली. आई म्हणाली, "ह्याचा काय करू?"

"मेली ती. टाकून दे," असं म्हणून मी नवं विंडोज चढवायला बसलो.

तीन वाजता विंडोज चढलं. एकदम झकास. मग कॉपी करून ठेवलेलं परत टाकायला घेतलं. अक्षताचं फोल्डर उघडलं, तर आत महाबळेश्वरचे फोटो आणि गॅसच्या पावत्या. बाकी काही नाही.

सी ड्राइव्हवर काही ठेवू नकोस, असं मी तिला शंभरदा बजावलंय आणि तिने एकदाही ऐकलेलं नाही. ती सगळं डेस्कटॉपवर ठेवते. म्हणे, डोळ्यासमोर असलं की काम होतं. डेस्कटॉप असतो सी वर. मी उचलला होता डी.

घाबरायचं काय त्यात, मी स्वतःला समजावलं. जुनी डिस्क कुरकुरते, पण अजून चालते. टेबलाकडे वळलो. टेबल पुसून लख्ख होतं.

"आई!" घरात कोणी नव्हतं. तिचा फोन चार्जिंगला. शेजारच्या पद्मजाकाकू दारात आल्या. "रत्नप्रभाताई ना? निर्माल्याची पिशवी घेऊन जेट्टीवर गेल्या की."

दर दसऱ्याला आई कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहते, फूल ठेवते. आणि पूजलेली वस्तू ती कचऱ्यात टाकत नाही. देवघरातला मोडका पाटसुद्धा खाडीत सोडून आली होती. मी धावत जाऊन रिक्षात बसलो. देवा, एवढ्या वेळेला वाचव, असं मी मोठ्याने म्हणालो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

भरती होती. गोराई जेट्टीच्या पाण्यालगतच्या पायरीवर आई वाकली होती.

"आई, थांब!"

तिने वळून पाहिलं. तिच्या ओंजळीतून डिस्क ठिबकत होती. "काय झाला रे? दोनदा बुडवलंय. आता तिसऱ्यांदा सोडतंय." गणपतीला करतात, अगदी तसं.

मी ती हिसकावून घेतली आणि तिथेच सगळं सांगितलं. आई पायरीवर बसली. "माझ्या हातान झाला रे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तुझी चूक नाही, असं मी काही तिला म्हणालो नाही.

डेटा काढून देणाऱ्या एका ओळखीच्याला फोन लावला. "खारं पाणी? वाट लागली," तो म्हणाला. "सुकवू नकोस. चालू तर अजिबात करू नकोस. सोमवारी घेऊन ये. निघालं तर निघालं."

साडेपाचला लॅचची किल्ली फिरली तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेली डिस्क डब्यात होती, डबा माझ्या मांडीवर. चपला काढता काढता अक्षताने विचारलं, "झालं का रे? आहे ना माझं सगळं?"

आई टेबलाला धरून उठली.

"अक्षता, माझी चूक झाली गो. ती डिस्क मी खाडीत बुडवलंय. ह्याका न इचारता घेऊन गेलंय."

अक्षताने आधी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"न विचारता?"

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो," मी म्हणालो.