एकसष्ट टक्के एकमत

आमचं काम सांगायला सोपं आहे. पडद्यावर एक इंग्रजी वाक्य येतं, त्यातला एक शब्द पिवळा केलेला असतो, आणि त्या वाक्यात त्याचा कोणता अर्थ आहे ते आम्ही आकड्याने सांगतो. यंत्राला भाषा शिकवायला हे लागतं म्हणे. शब्द साधेच असतात: रन, सेट, कीप. शब्द जितका साधा, तितके त्याचे अर्थ जास्त, हे मला इथे आल्यावर कळलं.

प्रत्येक वाक्य दोघांकडे जातं. त्या दोघांनी आपसांत बोलायचं नाही, एकमेकांच्या पडद्यावर डोकवायचं नाही. मग दोघांची उत्तरं किती जुळली ते मोजतात. डोळे मिटून आकडे दाबले तरी काही उत्तरं जुळतीलच, म्हणून तेवढा योगायोग सूत्राने वजा करतात. उरतं ते खरं एकमत. मी रसायनशास्त्र शिकले, पण इतकं सरळ सूत्र तिथेही फार वेळा भेटलं नाही.

माझी जोडी ताईशी आहे. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. शिक्षण संपल्यावर करायला हे काम तिनेच माझ्यासाठी ठरवून ठेवलं होतं, आई होती तेव्हा. आता आम्ही एकमेकींशी बोलत नाही, त्यामुळे न बोलण्याचा नियम पाळायला आम्हाला कष्ट पडत नाहीत.

आई शेवटचं वर्ष अंथरुणाला खिळलेली होती, ताईच्या घरी. मी दुसऱ्या शहरात शिकत होते आणि रोज फोन करत होते. आई गेल्यावर तिची खोली आवरताना मी म्हटलं, "मला सारखी तिची काळजी वाटायची गं."

ताई गादीवरचं प्लास्टिक सोडवत होती. हात न थांबवता म्हणाली, "हो ना. तू काळजी केलीस, मी घेतली. फोनवरून कूस बदलून देता येत नाही, शास्त्रज्ञबाई."

त्यानंतर मी बोलले नाही आणि तीही बोलली नाही. मला राग आला नव्हता. रडूही आलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की ओठ आपलाच आहे हे माहीत असतं, पण बोट लावून बघावं लागतं. तसं काहीसं. फक्त ते इंजेक्शन संध्याकाळपर्यंत उतरतं.

ताई शहराच्या त्या टोकाला राहते, मी या टोकाला भाड्याच्या खोलीत. मधे निळ्या कापडाचं पार्टिशन असलेलं हे टेबल सोडलं, तर आमची भेट कुठेच नाही. पार्टिशनच्या वरून मला तिचा अंबाडा दिसतो. ती विचार करायला लागली की तो थोडा डावीकडे कलतो.

मग केअर हा शब्द आला. यादीत त्याचे चार अर्थ दिले होते. एक, कुणावर जीव असणं, चिंता वाटणं. दोन, सांभाळणं, शुश्रूषा करणं. तीन, पर्वा. चार, जपून वागणं. तीन आणि चारला काही अडचण नव्हती. पण 'शी केअर्ड फॉर हर मदर' अशी वाक्यं ओळीने येत होती, आणि त्यांना मागचं-पुढचं काही नव्हतं. मी एक दाबत गेले.

आमच्या गटप्रमुखाला सगळे टक्के म्हणतात. त्याच्या तोंडावरही. त्याने आम्हाला काचेच्या खोलीत बोलावलं.

"एकसष्ट," तो म्हणाला. "अहो, रनवर तुमचं कधी वाजलं नाही, सेटवर नाही. आणि एवढ्याशा केअरवर घोडं अडलं? सख्ख्या बहिणी ना तुम्ही?"

"सख्ख्या आहोत म्हणूनच," ताई म्हणाली. त्याच्याशी.

"हे बघा, ऐंशीच्या खाली जोडी ठेवता येत नाही. माझ्या हातात नाही ते. हीच वाक्यं उलटसुलट क्रमाने पुन्हा देतो. जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून ताई सकाळच्या पाळीत, तुम्ही दुपारच्या."

म्हणजे ती निघून गेल्यावर मी येणार. टेबल तेच, खुर्चीही तीच, पण अंबाडा दिसणार नाही. मला याचं वाईट वाटतंय का, हे मी जागेवर येऊन तपासलं. तसं काही जाणवलं नाही. पण पुन्हा तो ढीग समोर आला तेव्हा मी वाक्य वाचून स्वतःला विचारलं नाही. ताई काय म्हणेल, असं विचारलं. ते अवघड नव्हतं. प्रत्येक वाक्यात मी एक पलंग ठेवला, एक कोमट पाण्याची बादली ठेवली आणि दोन दाबलं. पलीकडे अंबाडा बराच वेळ डावीकडे कललेला होता.

टक्केने पुन्हा बोलावलं तेव्हा तो चिडलेला नव्हता, चक्रावलेला होता.

"एकसष्ट. एक टक्का हलला नाही! मी तर आधी समजलो, जुनीच फाइल उघडली."

त्याने दोघींची उत्तरं शेजारी-शेजारी लावली. जिथे माझे दोन होते, तिथे ताईचे एक होते. वरपासून खालपर्यंत. मागच्या वेळी नेमकं उलटं होतं. दोघींनी जागा बदलल्या, तर मधलं अंतर तेवढंच राहतं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

"आधी दोन म्हणत होतात, आता एक कसं काय?" टक्केने ताईला विचारलं.

ताई पडद्याकडे बघत होती. "या वेळी तेच बरोबर वाटलं," ती म्हणाली.

"आणि तुमचं?"

"मलाही," मी म्हटलं.

"धन्य आहात. मतं बदलायची तर एकीनेच बदलायची ना!" वाद मिटवायला तिसरा माणूस लागतो, आणि तो तिसरा टक्केच. त्याने ते आईचं वाक्य दोनदा वाचलं, मान हलवली. "याला मागचं-पुढचं काही नाही. ठरवता येत नाही. बाद." तसली सगळी वाक्यं त्याने एकापाठोपाठ बाद केली आणि पाळ्यांचा तक्ता उघडला.

आम्ही टेबलाशी आलो. ताईने खुर्चीवरची उशी काढली, पाण्याची बाटली पिशवीत टाकली. पिशवी खांद्याला लावून ती पार्टिशनच्या माझ्या बाजूला आली. इतक्या दिवसांत ती या बाजूला आली नव्हती.

"सोमवारपासून सकाळी आहे मी," ती म्हणाली. "संध्याकाळी घरीच असते."

"बरं," मी म्हटलं.

ती गेली. मी खालच्या ओठाला बोट लावून बघितलं. नक्की सांगता येत नव्हतं. मग पडद्यावर पुढचा शब्द आला, आणि ताईच्या घराकडे जाणारी बस कुठून सुटते ते मला आठवेना, म्हणून शेजारच्या टेबलावर विचारलं.