अकरा महिन्यांची माणसं

"हितं एक, हितं एक, आणि मागं एक," असं म्हणत कैलास कागद ओट्यावर ठेवायचा आणि रजनी कणकेचा हात पुसून सह्या करायची. सात वर्षं हे असंच चाललं होतं. कागदात काय लिहिलंय ते तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. आपल्यापैकी किती घरांत हे असंच चालतं, ते ज्यानं त्यानं आपल्या मनाशी तपासून पाहावं.

कैलास मूळचा मारुंजीचा. शेजारच्या हिंजवडीत कंपन्या आल्या तशी त्याची निम्मी जमीन विकली गेली, उरलेल्या जागेवर त्यानं तीन मजली इमारत बांधून खोल्या भाड्यानं दिल्या. पुढं कंपन्यांना साफसफाईची माणसं पुरवायचं कंत्राट घेतलं. त्यासाठी फर्म काढल्या दोन. एक स्वतःच्या नावावर, दुसरी बायकोच्या.

दुसरी कशाला, याचं उत्तर त्याच्या भाडेकरूंच्या फायलीत होतं. भाडेकरूनं घरावर हक्क सांगू नये म्हणून भाडेकरार अकरा महिन्यांचा करायचा, हे मारुंजीतल्या कुठल्याही घरमालकाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. कैलासनं तीच युक्ती माणसांना लावली. अकरा महिने बाई त्याच्या फर्मकडे, मग पंधरा दिवसांचा गॅप, मग अकरा महिने रजनीच्या फर्मकडे, पुन्हा गॅप. बाई तीच, फरशी तीच, पण कागदावर ती कायम नवी. कुणाचं वर्ष भरतच नसे!

मग नवे कामगार कायदे लागू झाले. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसालाही वर्षभर काम केल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क आला. ॲपवर राबणाऱ्यांचाही त्यात उल्लेख झाला. ज्यांच्यासाठी हे लिहिलं गेलं, त्यांच्यापर्यंत बातमी पोचायला वेळ लागला. ज्यांना ते टाळायचं होतं, त्यांच्यापर्यंत ती लगेच पोचली. चहाच्या टपरीवर बाकीचे ठेकेदार कैलासच्या खांद्यावर हात ठेवून विचारू लागले, "कैलासशेठ, तुमचं ते अकरा महिन्याचं कसं काय असतंय? जरा समजावून सांगा की!" कैलासला त्याचा अभिमान वाटायचा.

पण कंपनीतले संडास काही गॅप घेत नाहीत. ते रोज धुवावेच लागतात. मग बायकांना सांगितलं जाई, "घरी कशाला बसतीस? गॅपवर ये." गॅपवर म्हणजे हजेरीत नाव नाही, विमा नाही, फक्त काम आणि संध्याकाळी हातावर रोज. बायका यायच्या. नाही आलं तर गॅप संपल्यावर जागा दुसरीला जाते, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

त्या गुरुवारी कैलास सकाळी अकराच्या सुमारास घाईनं स्वयंपाकघरात आला. रजनी मेथी निवडत होती.

"एकच सही हाय. लवकर कर, माणूस थांबलाय."

नेहमी कागदांचा गठ्ठा असायचा. आज एकच होता, आणि त्यावर पहिल्याच ओळीत रेश्माचं नाव होतं. म्हणून रजनीनं तो वाचला. 'सदर महिला अपघाताच्या दिवशी आमच्या फर्मच्या कामावर नव्हती. राहत्या घरी साफसफाई करताना तिच्या डोळ्यांत द्रव उडाल्याचे समजते.' खाली रजनीचं नाव आणि फर्मचा शिक्का.

रेश्मा त्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. परभणीकडची. नवरा माऊली मोटारसायकलवर जेवणाची पार्सलं पोचवायचा. अपघाताच्या सकाळी सात वाजता रेश्मा निळा युनिफॉर्म घालून रजनीकडे आली होती. खोलीतला नळ दुरुस्त करायला माणूस येणार होता, म्हणून किल्ली देऊन धावतच कामावर गेली होती. दुपारी तिला दवाखान्यात नेलं. संडास धुवायची दोन औषधं एकत्र झाली, बाटली फसफसली आणि ते डाव्या डोळ्यात उडालं.

तिसऱ्या दिवशी रजनी डबा घेऊन दवाखान्यात गेली, तेव्हा रेश्मा भिंतीकडे बघत म्हणाली होती, "घरीच उडालं, वहिनी." आणि थोड्या वेळानं, "माझी जागा भरली का हो कुणी?"

रजनीला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं तर कळलंही होतं. ती रिकामा डबा घेऊन गप्प घरी आली होती.

"ती तर कामावर गेली व्हती," रजनी म्हणाली.

"कागदावर न्हवती. गॅप चालू व्हता तिचा."

"पण गेली व्हती. मी बघितलं."

"तुला कुणी इचारलंय काय बघितलं ते? सही कर."

बाहेर पडवीत कोणीतरी मोठ्यानं बोलू लागलं. माऊली होता. हातात दवाखान्याचे कागद होते आणि अंगात तो पार्सलवाल्याचा लाल टी-शर्ट. दहा दिवस तो दवाखान्यात बसून होता.

"मालक, डॉक्टर म्हणतेत बुबुळाचं ऑपरेशन चार दिवसांत झालं तर डोळा वाचंल. ईएसआयसीच्या कामगार विम्यात कामावरची इजा म्हणून नोंद झाली तर उपचारबी तिथंच व्हईल, अन् डोळा गेलाच तर तिला जन्मभर आधार ऱ्हाईल. तुमी फक्त लिहून द्या, ती त्या दिवशी कामावर होती. जे खरं आहे तेच."

"अरं बाबा, लिहून दिलं तर दोन्ही फर्मच्या फायली उघडतील. पन्नास बाया हायेत माज्याकडं. सगळ्यांचंच काम जाईल. तुला चालंल का?" कैलास म्हणाला. "तू काळजी करू नको. मी देतो काहीतरी मदत म्हणून."

"मदत नको मालक. सही पायजे."

"तुझं काय चाललंय? तुझ्या ॲपकडून माग की मदत."

माऊली हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "ॲपनं आयडी बंद केला. दहा दिवस लॉगिन नाही म्हणून. मी त्यांचा कामगार नाही म्हणं, पार्टनर आहे. बायको दवाखान्यात आहे असं सांगायला पार्टनरला माणूसच सापडंना, नुसता मेसेज येतो आपोआप. ही तुमच्याकडं गॅपवर. म्हणजे बगा मालक, आमच्या घरात दोन माणसं उजाडल्यापासून राबतेत, अन् कागदावर कामगार एकबी नाही!"

पडवीच्या कोपऱ्यात हैबतराव पेपर वाचत बसले होते. कैलासचे चुलते. पिरंगुटच्या कारखान्यात एकतीस वर्षं प्रेस मशीनवर काम करून निवृत्त झालेले. एरवी ते कुणाच्या मध्ये पडत नसत. आज त्यांनी पेपर खाली ठेवला आणि डावा हात वर केला. त्या हाताची दोन बोटं पेरापर्यंतच होती.

"कैलास, हे बग. हे मशीनमंदी गेलं तवा मॅनेजर स्वतः मला गाडीत घालून घिऊन गेला. कुणी मला इचारलं न्हाई की हैबत्या, तू आज कागदावर हायेस का न्हाईस. मी पर्मनंट व्हतो. पुढं साधं काम दिलं मला, घरी न्हाई बसवलं. त्या नोकरीवर मी तुझ्या बापाला हिरीसाठी इंजन घिऊन दिलं. इसारला?"

"आप्पा, तो काळ वेगळा व्हता. आता कंपनी रेटच असा देती की हे केल्याबिगर भागत न्हाई. मी न्हाई केलं तर दुसरा करंल."

"करू दे की दुसऱ्याला! तू कशाला करतुयास?" हैबतरावांचा आवाज चढला. "कायदा आला तो चार माणसं जास्त आत यावीत म्हणून. तुमी ठेकेदार काय करता, तर आधी बाहेर जायाचं दार हुडकता! आन् हे निस्तं तुझ्यापुरतं ऱ्हात न्हाई. शाळंतल्या बाई कंत्राटी, दवाखान्यातली सिस्टर कंत्राटी, बसचा डायवर कंत्राटी. उद्या काम हाय का न्हाई ते ज्याला ठाव न्हाई, त्यो आज चुकलेलं कुणाला सांगंल का? ती औषधं एका कपाटात ठिवू नका, असं त्या बायांनी दोनदा सुपरवायझरला सांगितलं व्हतं. तिसऱ्यांदा का न्हाई सांगितलं? कारण तिसऱ्यांदा सांगणारीचा गॅप लांबतुया! तिचा डोळा औषधानं न्हाई गेला रं. तुझ्या अकरा महिन्यानं गेला!"

कैलासचा चेहरा लाल झाला. त्यानं आत वळून हाक मारली, "रजनी! झाली का सही?"

रजनी दारातच उभी होती. कागद तिच्या हातात होता.

"ही फर्म कुणाची हाय?" तिनं विचारलं.

"म्हंजे?"

"सरळ इचारतीय. कुणाची हाय?"

"तुझ्या नावावर हाय, माहीत न्हाई का तुला?"

"नावावर हाय, पर माझी हाय का? सात वर्षं तुमी बोट ठिवाल तितं मी सही केली. किती बायांना मी गॅपवर पाठवलं, मला मोजता यायचं न्हाई. माझ्या सहीनं पाठवलं, आन् मी मेथी निवडीत बसले! ती बाई माझ्या हातात किल्ली दिऊन कामावर गेली, आन् मी लिहून दिऊ ती घरातच व्हती? लाज न्हाई वाटत? तुमाला न्हाई, मला म्हणतीय! मला लाज कशी न्हाई वाटली इतकी वर्षं?"

तिनं पडवीतल्या खाटेवर कागद पालथा घातला, हैबतरावांच्या खिशातलं पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागली. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. 'रेश्मा त्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या फर्मच्या कामावर गेली. मी स्वतः पाहिले आहे. ती चार वर्षे सलग काम करते. मधले गॅप खोटे आहेत.' खाली सही केली.

"येडी झालीस का?" कैलास ओरडला. "नोटीस तुझ्या नावानं यील! माझ्या न्हाई, तुझ्या!"

"येऊ दे! फर्म माझीच हाय ना?"

बायकोच्या नावामागं लपायची कैलासनं सात वर्षं सोय केली होती. तिच्या नावात एक माणूस राहतं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

माऊली तो कागद घेऊन गेला. ऑपरेशन झालं. पुढच्या आठवड्यात ईएसआयसीच्या कार्यालयातून चौकशीसाठी बोलावणं आलं. रजनी हैबतरावांना घेऊन निघाली, तेव्हा कैलास गाडी काढून फाटकाशी उभा राहिला. मनात त्याचं उत्तर तयार होतं. बायको चिडून काहीतरी लिहून बसली, बाई तर गॅप संपल्यावर कामाला लागणार होती.

कार्यालयात रेश्मा आधीच येऊन बसली होती. अर्ध्या तोंडाला पट्टी. अधिकाऱ्यांनी काही विचारायच्या आत तीच घाबरून बोलली, "साहेब, शेठची काही चूक नाही. बाटली माझ्याच हातून सांडली. शेठनं आम्हाला रूम दिली, काम दिलं. त्यांना काही करू नका." आणि कैलासकडे वळून हळूच म्हणाली, "शेठ, एका डोळ्यानंबी फरशी पुसता येते मला."

अधिकाऱ्यांनी कैलासला विचारलं, "ही बाई तुमच्याकडे किती दिवस आहे?"

"चार वर्षं," कैलास म्हणाला. "चार वर्षं, साहेब. एक दिवस खाडा न्हाई हिचा. कागद मी बनवलेत. लिहून घ्या."

दंड झाला. एका कंपनीचं कंत्राट गेलं. टपरीवरच्या ठेकेदारांनी कैलासला चहाला बोलावणं सोडलं. पण पन्नास बायकांची नावं आता एकाच फर्मच्या हजेरीत आहेत आणि त्यांची वर्षं भरू लागली आहेत. मात्र सगळं गोड झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. रेश्माला डाव्या डोळ्यानं उजेड कळतो आणि समोर माणूस आहे एवढं कळतं. कोण आहे ते कळत नाही. माऊलीचा आयडी अजून बंदच आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, कायदा सरकार करतं, पण तो खरा की खोटा हे आपल्यासारख्यांच्या सहीवर ठरतं. न वाचता केलेली सही ही निष्पाप नसते! आपल्या सोसायटीचा, ऑफिसचा, शाळेचा जिना कोण पुसतं? आपल्या दारात गरम जेवण कोण आणून देतं? ते पडले, त्यांना लागलं, भाजलं, तर ती कुणाची माणसं आहेत, हे आपण एकदा तरी विचारलंय का? स्वस्त पडतं म्हणून आपण विचारत नाही. त्या स्वस्ताईची किंमत कुणीतरी स्वतःच्या डोळ्यानं चुकवतंय. उद्याच्या बैठकीत कंत्राटाचा कागद समोर येईल, तेव्हा दर विचारायच्या आधी माणसांची नावं विचारा. आणि ती नावं कागदावर नसतील, तर सही करू नका!