टिकलीचा दिवस

"दोन महिन्यांचं बाळ घेऊन कुणी परदेश फिरायला जातं का?" नणंदेने तिला निघायच्या आधी फोनवर विचारलं होतं. "आणि वर ही दोन पोरं! मिस्त्रीचं डोकं फिरलंय, तुझं तरी ठिकाणावर आहे ना?"

मिस्त्री म्हणजे नणंदेचा भाऊ, हिचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला वर्षात एकदाच लांब सुट्टी मिळायची, आणि बाळ पोटात होतं तेव्हाच हा बेत ठरला होता. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं, मग तीही हो म्हणाली. घरात बसून तरी काय करणार होती? भिंती बघून तिला वीट आला होता.

पण तिचं खरं कारण वेगळंच होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ते कारण होतं टिकली.

टिकली सात वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिकली. बाळ आलं आणि सगळ्यांनी तिला एका रात्रीत ताई करून टाकलं. "ताई, लंगोट आण." "ताई, गट्टूला घेऊन बाहेर बस." गट्टू चार वर्षांचा, तो लोळून, ओरडून, दूध सांडून आपला हक्क वसूल करायचा. टिकली मात्र काही मागेनाशी झाली. काहीही विचारा, उत्तर एकच, "चालेल." शेजारणी कौतुक करायच्या, केवढी समजूतदार पोर! आई मात्र मनात म्हणायची, सात वर्षांच्या पोरीला सगळंच कसं चालेल?

म्हणून तिने टिकलीला शब्द दिला होता. "तिथे गेल्यावर एक दिवस तुझा. तू म्हणशील तिथे जायचं."

टिकलीने बराच विचार केला आणि सांगितलं, "उंच टॉवरवर. जिथून सगळं शहर दिसतं."

पहिल्या दिवशी बाळाचं पोट दुखलं. सगळे हॉटेलच्या खोलीत. खोली एवढी लहान, की सूटकेस उघडली की न्हाणीघराचं दार उघडत नसे. दुसऱ्या दिवशी गट्टूने कारंज्यात उडी मारली. तिसऱ्या दिवशी टॉवर बंद होता. दर वेळी मिस्त्री म्हणायचा, "उद्या जाऊ हं, ताई," आणि दर वेळी टिकली म्हणायची, "चालेल."

उरला शेवटचा दिवस. संध्याकाळचं विमान. सकाळीच ते रांगेत उभे राहिले. बाळ पिवळ्या छताच्या बाबागाडीत झोपलेलं, गाडीच्या खालच्या जाळीत लंगोटांची पिशवी, दुपटी, बाटल्या आणि कोंबता येईल ते सगळं कोंबलेलं. टिकली आईचं बोट धरून पायांच्या चवड्यांवर उड्या मारत होती. तिला उड्या मारताना बघून आईला किती दिवस झाले होते!

लिफ्टचं दार उघडलं. सगळे आत गेले, मागून आणखी माणसं आली, गाडी कोपऱ्यात दाबली गेली. आणि दार लागता लागता कुठून तरी आवाज आला, घुर्र, घुर्र, घुर्र.

मिस्त्रीचे कान ताठ झाले. या माणसाची एक खोड होती. अनोळखी लिफ्टमध्ये शिरला की आधी कान द्यायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मामाकडे जेवायला गेले, तेव्हाही तो लिफ्टच्या दाराला कान लावून उभा होता आणि मामेसासऱ्यांना वाटलं होतं, जावयाला चक्कर आली.

"बेअरिंग गेलंय," तो म्हणाला.

"अहो, नका ना," ती कुजबुजली. "सुट्टीवर आहोत आपण."

"सुट्टी माझी आहे, बेअरिंगची नाही. माझी तीन लेकरं आहेत आत." आणि त्याने दार उघडायचं बटण दाबून धरलं.

लिफ्ट चालवणारी बाई काहीतरी बोलली. त्याने हातवारे केले. कानाकडे बोट, छताकडे बोट, मग दोन्ही हातांनी काहीतरी कोसळल्याची खूण. ती खूण मात्र सगळ्यांना बरोबर कळली. क्षणात लिफ्ट रिकामी झाली. बाईने फोन लावला, रांगेपुढे दोरी बांधली.

थोड्या वेळाने तिथला लिफ्टवाला हत्यारांची पेटी घेऊन आला. पिकल्या मिशांचा, शांत माणूस. तो आणि मिस्त्री दोघे लिफ्टमध्ये माना तिरप्या करून उभे राहिले. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. रांगेतली माणसं घड्याळं बघू लागली. आईला भाषा कळत नव्हती, पण शिव्या कळत होत्या.

"आई, ते आपल्यालाच बोलतायत का?" टिकलीने विचारलं.

"नाही गं, हवापाण्याचं बोलतायत."

लिफ्ट वर गेलेली असतानाच गर्दीत कुणाचा तरी धक्का बाळाच्या गाडीला लागला. आणि गाडीच्या पोटातून आवाज आला, घुर्र, घुर्र, घुर्र.

"माझी मोटार!" गट्टू आनंदाने किंचाळला. त्याने जाळीत हात घातला आणि लंगोटांच्या पिशवीखालून खेळण्यातली लाल मोटार ओढून काढली. तिची चाकं गरागरा फिरत होती. "मीच ठेवली होती! ती पण वर येणार होती!"

तेवढ्यात लिफ्ट खाली आली. मिस्त्रीने आवाज ऐकला, मोटार पाहिली, आणि त्याचा चेहरा पार उतरला. मागे कुणीतरी हसलं, मग सगळी रांगच हसू लागली. पिकल्या मिशांच्या लिफ्टवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पेटी उचलून निघून गेला.

त्या हशाने बाळ जागं झालं आणि त्याने टाहो फोडला. गट्टूला शू लागली. मिस्त्रीने घड्याळाकडे पाहिलं.

"आता काही जमत नाही," तो बायकोच्या नजरेला नजर न देता म्हणाला. "हॉटेलातून सामान घ्यायचंय, विमानतळ गाठायचाय. चुकलं माझं. ताई, पुढच्या वेळी नक्की हं."

"चालेल," टिकली म्हणाली.

आणि कुणी न सांगता तिने लंगोटांची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली. पिशवी तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होती.

आई ते बघतच राहिली. टिकली रडली असती, तिने पाय आपटले असते, बापाला दोन शब्द सुनावले असते, तर आई एवढी हलली नसती.

ती बाकावर बसली, ओढणी घेतली आणि बाळाला छातीशी धरलं. पाजून झालं, ढेकर काढली, आणि मग बाळ उचलून तिने मिस्त्रीच्या हातात दिलं.

"धरा."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही हातांनी धरा. आम्ही दोघी वर जातोय."

"अगं, उशीर होईल. आणि हा रडला तर? मी एकटा, हा गट्टू..."

"उशीर झाला तर विमानतळावर धावू. आणि रडला तर बाप आहात त्याचे. लिफ्टचं रडणं ऐकू येतं, मग लेकराचंही समजेल."

"आई, राहू दे ना," टिकली घाईघाईने म्हणाली. "बाळ रडेल. मला चालेल, खरंच."

आईने तिच्या खांद्यावरची पिशवी काढली आणि मिस्त्रीच्या खांद्याला अडकवली. "चल."

लिफ्टवालीने त्यांना ओळखलं आणि रांगेच्या पुढे घेतलं. लिफ्ट वर निघाली तेव्हा टिकलीने आईचा एक हात धरला. मग दुसरा हातही मोकळा आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने तोही धरला.

वर वारा होता. जाळीपलीकडे शहर पसरलं होतं, छपरं, पूल, मुंगीएवढ्या बसगाड्या. टिकली मात्र खाली बघत होती, पिवळ्या छताची गाडी शोधत.

"तो बघ बाबा! आई, बाळाची गाडी घेऊन येरझाऱ्या घालतोय. बाळ रडतंय वाटतं."

"रडत असेल," आई म्हणाली. दुधाने तिची छाती दाटून आली होती, झगा ओला व्हायला लागला होता. पाय आपोआप लिफ्टकडे वळत होते. तिने जाळी घट्ट धरली.

"मग चल ना खाली. मला चालेल."

"मला नाही चालणार," आई म्हणाली. "मला अजून काहीच दिसलं नाही. तू दाखव बरं, टिकले."

कितीतरी दिवसांनी टिकलीला कुणी त्या नावाने हाक मारली होती. ती हळूच शहराकडे वळली. "तो पूल. तिथे गट्टूने आईस्क्रीम पाडलं होतं. आणि ती आपली खिडकी असेल, तिथे टॉवेल वाळत घातलाय बघ." बोलता बोलता तिचा आवाज मोठा झाला. आईला ओढत, लोकांच्या मधून वाट काढत तिने पूर्ण एक फेरी मारली. लिफ्टच्या दारापाशी येऊन दोघी थांबल्या. खाली पिवळं छत अजून पुढे-मागे हलत होतं.

टिकलीने दाराकडे पाहिलं, खाली पाहिलं, ओठ चावला.

"आई," ती म्हणाली, "मला अजून एक फेरी मारायचीय."

"मारू की," आई म्हणाली, आणि ओल्या झग्यावर ओढणी सारखी करून तिच्यामागे निघाली.