स्नेहाचा दुसरा खर्डा

शाळा सुटायच्या आधीच विजयाबाईंचे पाय सुजले होते. सकाळी डिंडोलीतल्या सोसायट्यांचे जिने चढून-उतरून मतदार यादीचं काम, दुपारी वर्गावर उभं राहणं, आणि मधल्या वेळेत डबा खायचा तर मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलेलं. सुरतेतल्या एका मराठी मंडळाने निबंधस्पर्धा ठेवली होती. विषय होता 'माझ्या घरातलं माणूस'. आपल्या शाळेतून कुणीतरी गेलंच पाहिजे, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. "पट कमी झाला म्हणून वर्ग बंद करायला निघालेत सगळे. एखादं बक्षीस आलं तर दाखवता तरी येईल," ते म्हणाले होते.

विजयाबाईंनी मान हलवली होती. निवृत्ती जवळ आल्यापासून त्या बहुतेक गोष्टींना मानच हलवत. नाही म्हणायचं तर त्याची कारणं सांगावी लागतात, आणि तेवढा दम त्यांच्यात उरला नव्हता.

नववीतली स्नेहा निबंध घेऊन आली तेव्हा त्या शिक्षकखोलीत चपला काढून, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून बसल्या होत्या. स्नेहा सडपातळ, फार न बोलणारी मुलगी. तिचे वडील शालिग्राम कडोदऱ्याला एका खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, लूम चालवत, आई सुषमा घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम करी. दोघंही अमळनेरकडचे. स्नेहा मात्र सुरतेतच जन्मली, आणि मैत्रिणींशी बोलताना मराठीतून गुजरातीत कधी गेली हे तिचं तिलाही कळत नसे.

"ठेव इथे. उद्या बघते," विजयाबाई म्हणाल्या.

"मॅडम, परवा द्यायचाय ना?"

विजयाबाईंनी चष्मा लावला. पाठपोट लिहिलेली पानं, कुठे परिच्छेद नाही, की दम घ्यायला जागा नाही. वडिलांचं गाव, गावची बोरं, लूमचा आवाज, मोठ्या बहिणीचं लग्न, पप्पांना आवडणारी खिचडी, पुन्हा लूम, पुन्हा गाव. 'ण' आणि 'न' एकमेकांच्या जागी जाऊन बसलेले. नेहमीचाच माल, असं मनाशी म्हणत त्या लाल पेनाने खुणा करत गेल्या आणि तिसऱ्या पानावर थांबल्या.

तिथे, खिचडी आणि बहिणीच्या लग्नाच्या मधोमध, लिहिलं होतं: 'रस्त्यात मी पप्पांच्या उजव्या बाजूने चालते आणि त्यांचा हात धरते. कारण मागून गाडी आली तर त्यांना ऐकू येत नाही. पप्पांना वाटतं मी अजून लहान आहे म्हणून हात धरते.'

विजयाबाईंनी पाय खाली घेतले.

"तुझ्या वडिलांना ऐकू येत नाही?"

"थोडंथोडं येतं. लूममुळे गेलं. ते सांगत नाहीत कुणाला."

"आणि तुम्ही?"

"आम्ही पण नाही सांगत." स्नेहा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मम्मी बोलायच्या आधी समोर जाऊन बसते. मी पण. फोन आला तर मम्मी म्हणते, आणा, मला बोलायचंय. आम्हाला ठाऊक आहे हे त्यांना कळत नाही."

यातलंही बरंच निबंधात होतं, पण इकडे एक ओळ, तिकडे एक. वाचणाऱ्याच्या हाती लागू नये म्हणून पसरून ठेवल्यासारखं.

त्यानंतर विजयाबाईंनी जे केलं ते त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी निबंधाची झेरॉक्स काढून आणवली, कात्री घेतली, आणि एकेका गोष्टीची वाक्यं कापून पट्ट्या केल्या. पट्ट्या उडू नयेत म्हणून पंखा बंद केला. मग दोघी घामाघूम होत लांब बाकावर पट्ट्या मांडत बसल्या.

"गोष्ट कुणाची आहे?" विजयाबाईंनी विचारलं.

"पप्पांची."

"मग बहिणीचं लग्न कशाला?"

"लग्नात पप्पांना बँडचा आवाज आला. खूप दिवसांनी काहीतरी नीट ऐकलं, असं मम्मीला म्हणाले."

"हे कुठे लिहिलंयस?"

"नाही लिहिलं."

"मग लिही. तेच तर लिहायचं. बोरं राहू देत गावाला."

बोरांच्या पट्ट्या बाजूला गेल्या. खिचडी गेली. 'माझे पप्पा फार कष्टाळू आहेत' ही पट्टी स्नेहाने स्वतःच उचलून खाली टाकली, तेव्हा विजयाबाईंना बरं वाटलं. हात धरण्याची पट्टी त्यांनी सगळ्यांत वर ठेवली. तिच्याखाली फोन, मग आईचं समोर जाऊन बसणं, मग लूम, आणि शेवटी लग्नातला बँड. ओळीने वाचून पाहिलं तर निबंध उभा राहिला होता. सगळं आधीपासून तिथेच होतं. उचलून जागेवर ठेवायचं तेवढं राहिलं होतं.

"आता घरी जाऊन स्वच्छ अक्षरात उतरव. खाली पालकांची सही घे," त्या म्हणाल्या.

घरी जाताना रिक्षात त्यांचे पाय ठणकत होते, पण त्यांनी नवऱ्याला, मधुकररावांना, जेवताना सगळा निबंध तोंडपाठ असल्यासारखा सांगितला. बँकेतून निवृत्त झालेले मधुकरराव ताटावरून मान वर करून म्हणाले, "खूप दिवसांनी शाळेबद्दल बोललीस."

दुसऱ्या दिवशी दुपारी शालिग्राम शाळेत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, त्यात रात्रपाळीचा डबा. मागे स्नेहा. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"बसा," विजयाबाई कपाटातून कागद काढत म्हणाल्या. मागून हालचाल झाली नाही. त्या वळल्या, त्याच्याकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "बसा ना." मग तो बसला.

"मॅडम, पोरीनं चांगलं लिहेल शे," तो म्हणाला. मग शाळेत बोलतोय हे ध्यानात येऊन त्याने भाषा सावरली. "चांगलं लिहिलंय. पण हे देऊ नका."

निबंध त्याने चार घड्या घालून खिशात ठेवला होता. तो टेबलावर ठेवताना त्याने हाताने सपाट केला.

"तुमचं नाव नाही घालणार," विजयाबाई सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाल्या.

"नाव नसलं म्हणून काय? पोरगी तर माझीच ना. मंडळाच्या कार्यक्रमाला आमच्या खात्यातली निम्मी माणसं येतात. नंबर आला तर स्टेजवर वाचायला लावतील. शेठला कळलं की दुसऱ्या दिवशी सांगेल, घरी बस. बहिऱ्या माणसाला लूमवर कोण ठेवतो? काही झालं तर शेठच्या अंगावर येतं."

त्याचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. तरी विजयाबाईंच्या मनात सगळ्यांत आधी आलं ते असं, की कालची सगळी संध्याकाळ फुकट गेली. पाठोपाठ त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"तुम्ही म्हणाल तसं," त्या म्हणाल्या.

शालिग्राम उठला नाही. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत, सोडत बसून राहिला.

"मॅडम, एक विचारू? हे तिनं मनाचं घातलंय का? हात धरायचं?"

"नाही. तिचंच आहे. मी फक्त वर घेतलं."

"मला वाटायचं पोरगी गाड्यांना घाबरते," तो म्हणाला. "मी बायकोला म्हणायचो पण, एवढी मोठी झाली, अजून हात सोडत नाही. मला वाटायचं, घरात कुणाला कळत नाही. मी बरोबर सांभाळून घेतो. ओठ बघतो, हसतो, हो म्हणतो. काल सही करायला बसलो, तर सगळ्यांना ठाऊक. इतकी वर्षं. मलेच माहीत नही."

स्नेहा भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली, बापाच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, उशीर होईल. बस चुकेल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती समोर का येऊन उभी राहिली हे आता त्याला कळत होतं, आणि त्याला कळलंय हे तिलाही. दोघांनाही क्षणभर कुठे बघावं ते सुचेना. मग तो उठला, विजयाबाईंना नमस्कार केला आणि गेला.

निबंध दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता.

"मॅडम, नकोच देऊ या," स्नेहा म्हणाली.

विजयाबाईंनाही मनातून तेच हवं होतं. पण मुख्याध्यापकांनी शाळेचं नाव कळवून टाकलं होतं. त्यांनी कालच्या पट्ट्या लिफाफ्यातून काढून पुन्हा बाकावर ओतल्या. ऐकू न येण्याची पट्टी काढली, तर फोनची निघाली. फोनची काढली, तर आईची. बँडचं तर बोलायलाच नको. राहिलं ते लूम, रात्रपाळी, गाव. बोरं परत आली. खिचडी परत आली. कोणाच्याही निबंधात खपून जाईल असा एक बाप बाकावर तयार झाला. विजयाबाईंना एकदम फार थकल्यासारखं झालं. हे तर त्या इतकी वर्षं करतच आल्या होत्या.

"हे ठेवायचं," स्नेहा म्हणाली. तिच्या हातात सगळ्यांत वरची पट्टी होती. कात्रीने तिने मधलं वाक्य काढून टाकलं आणि उरलेले दोन तुकडे जोडून ठेवले. 'रस्त्यात मी पप्पांच्या उजव्या बाजूने चालते आणि त्यांचा हात धरते. पप्पांना वाटतं मी अजून लहान आहे म्हणून हात धरते.'

"वाचणाऱ्याला कळणार नाही, का धरतेस ते."

"नाही कळलं तर नाही."

"मार्क जातील."

"जाऊ देत ना."

विजयाबाईंनी वाद घातला नाही. निबंध तसाच, ती ओळ सुरुवातीला ठेवून, गेला. आदल्या रात्रीच्या स्वच्छ प्रतीचं काय करायचं हे त्यांनी विचारलं, तर स्नेहा म्हणाली, "पप्पांनी जाताना ती परत घेतली."

निकाल यायला बरेच दिवस लागले. नंबर आला नाही. मंडळाने निबंध परत पाठवले, त्यांवर परीक्षकाने हिरव्या शाईने शेरे मारले होते. स्नेहाच्या पहिल्या ओळीपाशी होतं: 'हात का धरते हे स्पष्ट नाही. विचारांची मांडणी सैल.' खाली, बोरांच्या परिच्छेदाशी: 'वर्णन छान.' मुख्याध्यापकांनी तो कागद पाहिला, "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले आणि फायलीत लावायला दिला. पुढच्या वर्षी नववी असेल की नाही, हा विषय दोघांनीही काढला नाही.

स्नेहाला शेरा दाखवताना विजयाबाईंना वाटलं होतं की तिला लागेल. तिने तो वाचला आणि कागद परत दिला.

"काल आम्ही उधन्याला कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो," ती म्हणाली. "पप्पाच म्हणाले, चल. मम्मीनं खूप वेळा सांगितलं होतं आधी, म्हणजे न सांगितल्यासारखं."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"गेलेलं परत नाही येणार. मशीन लावा म्हणाले. पप्पा म्हणाले, खात्यात नाही लावणार, कोणी बघेल. घरी लावीन. आता ते विचारतायत कुठलं घ्यायचं." मग ती म्हणाली, "पप्पा तिथे डॉक्टरांना स्वतःच बोलले, मला ऐकू येत नाही. मी नाही बोलले. मी बाहेर बसले होते, तरी मला ऐकू आलं, एवढ्या जोरात बोलले."

तिला हसू आलं आणि तिने ते आवरलं. विजयाबाईही थोड्या हसल्या. मग घंटा झाली आणि स्नेहा वर्गात पळाली.

विजयाबाईंनी टेबलाखाली चाचपून चपला पायांत सरकवल्या. सहावीच्या वह्यांचा गठ्ठा समोर होता, विषय 'माझा आवडता सण'. वरची वही उघडली, तर पहिलंच वाक्य होतं, 'भारत हा सणांचा देश आहे.' त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. त्या वाक्याखाली रेघ मारावी की जाऊ द्यावं, याचा विचार करत त्या जरा वेळ बसून राहिल्या. मग समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'तुमच्या घरी काय करतात?', आणि पान उलटलं.