बाप्तिस्म्याच्या वहीतली एक ओळ

दौंडच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही आनंदराव एकतीस वर्षं लिहीत आले होते. रेल्वेत गार्ड होते; गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली, तर कागदावर तिची तीन होऊ देणार नाहीत असा माणूस. वहीत खाडाखोड सापडली तर दाखवा, म्हणायचे. दाखवायला कुणी येत नसे, म्हणून अधूनमधून स्वतःच शोधायचे.

नवे पाळक जयसिंग मात्र आले ते वही घेऊनच बसले. करोनाच्या सालातल्या एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मुलगी : करुणा. बाप्तिस्मा देणारा : आनंदराव.

"आबा, तुम्ही कधी पाळक झालात?"

"झालो न्हाई साहेब. नात सातव्या महिन्यात झाली, शिरूरच्या दवाखान्यात. जगंल का न्हाई, डॉक्टरबी सांगंना. रस्ते बंद, आधीचे पाळक सोत्ता तापानं पडल्याले. मग म्याच दिला."

"जिवावर बेतलं असेल तर मंडळीतला कुणीही देऊ शकतो. मान्य आहे." जयसिंग हसले. "ज्यानं पाणी घालायचं त्यानंच शब्द म्हणायचे, एवढंच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. म्हणालात ना?"

आनंदरावांनी वही स्वतःकडे ओढली.

त्या दुपारचं सगळं त्यांना आठवत होतं, फक्त आवाज सोडून. काचेची पेटी. पेटीत तळहाताएवढा जीव. तोंडापुढच्या प्लास्टिकवर स्वतःच्याच श्वासाची वाफ, आणि तिच्यातून दिसणारा वॉर्ड पाण्याखाली गेल्यासारखा. पांढऱ्या पोशाखातली माणसं माशांसारखी संथ फिरताहेत, कुणाच्याच पावलांचा आवाज नाही. आपण बोललो का? की नुसतं मनात?

'व्हय' म्हटलं की प्रकरण मिटत होतं. पण पोरीचा बाप्तिस्मा आपल्या अंदाजावर सोडायचा?

"इचारून सांगतो," ते म्हणाले.

"कुणाला विचारणार? नात तर पेटीत होती!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिरूरची एसटी धरली. खिडकीबाहेर ऊस हलत होता, डांबरावर उन्हाचं खोटं पाणी चमकत होतं. गाडी जवळ गेली की ते आणखी पुढं सरकायचं. आनंदराव त्या पाण्याकडे बघत ओठ हलवत राहिले. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "आबा, मला म्हणालात का काही?"

त्या दुपारी वॉर्डात असलेल्या निखत सिस्टर अजून त्याच दवाखान्यात होत्या. डबा खात होत्या.

"मामा! नात बरी ना?"

"पुढचा दात पडलाय तिचा. सिस्टर, त्या दिवशी म्या तोंडानं काही बोललो का वो?"

"काही? अख्ख्या वॉर्डानं ऐकलं! पिता, पुत्र... मला आजून पाठ हाय. जशी काय गाडीच सोडताय."

आनंदरावांचा जीव भांड्यात पडला.

"हात मात्र तुमचा असा लटलटत व्हता," निखत हसू लागल्या, "अर्धी बाटली माझ्या बुटावर! मग तुमच्या हातातलं बाटलीचं टोपण मीच घेतलं. तुम्ही बोलत ऱ्हायलात, मी पाणी सोडत ऱ्हायले. तीनदा. थेंबथेंब." त्यांनी आनंदरावांचा चेहरा पाहिला. "का? चुकलं का माझं?"

"तुमचं कशाला चुकंल? वहीत अर्धंच लिवलं म्या."

हे सगळं ऐकून जयसिंगांनी वहीतली ती ओळ पुन्हा वाचली.

"परत द्या की साहेब," आनंदराव म्हणाले.

"बाप्तिस्मा एकदाच असतो आबा."

"मंग झालाच न्हाई म्हना."

"तेही मी कसं म्हणू?" त्यांनी जुनं उपासनेचं पुस्तक काढलं. "अशा वेळेसाठी एक वाक्य आहे."

रविवारी करुणा चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी डोळे मिटून उभी राहिली. खिडकीतलं ऊन पाण्यावर पडून छतावर थरथरत होतं, तसंच पाण्याखालून पाहिल्यासारखं.

"करुणा, तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल, तर मी तुला पित्याच्या..."

शेवटच्या बाकावर, डोक्यावर ओढणी घेऊन, निखत सिस्टर बसल्या होत्या. त्यांची बोटं मांडीवर तीनदा अलगद मिटली, टोपण धरल्यासारखी.

उपासना सुटल्यावर आनंदरावांनी वही उघडली. स्वतःच्या नावापुढे लिहिलं : शब्द. खाली लिहिलं : निखत सिस्टर, पाणी. शेऱ्यात लिहिलं : आज पाळकांनी दिला, आधी झाला नसेल तर.

"यातला कुठला तरी एकच बाप्तिस्मा खरा धरायचा आबा," जयसिंग मागून म्हणाले.

"धरू द्या की त्याला वरती. आपलं काम लिवायचं."

करुणा वाकून बघत होती. तिच्या केसांतून थेंब निथळले आणि तिन्ही नोंदींची ओली शाई एकमेकींत पसरत गेली.

"आजोबा, वही भिजली!"

टीपकागद हाताशीच होता. आनंदरावांनी तो उचलला नाही.