तुले उशीर व्हस

दिवाळी झाली आणि प्रेमराजने पुण्यातलं भाड्याचं घर सोडलं. एका ट्रॅव्हलर गाडीत ओटा, झोपायच्या जागा, संडास असं सगळं बसवून घेतलं आणि बायको दिपमाला, मुलगी चारुलता अन् शिरपूरजवळ गावात एकटे राहणारे वडील तोताराम आबा, असा चौघांचा संसार रस्त्यावर आणला. आबांना एकटं ठेवलं नाही, याचा त्याला मनातून फार अभिमान होता.

पण गाडी हाताशी आल्यावर त्याच्या अंगात वारं शिरलं. आज हे गाव, उद्या ते. दिपमाला म्हणायची, "अहो, चार दिवस एका जागी थांबू या. कपडेसुद्धा धड वाळत नाहीत." आपण कुठे आहोत, हे विचारणं चारुलताने सोडूनच दिलं होतं. प्रेमराजचं उत्तर ठरलेलं, "थांबायचंच होतं, तर घर काय वाईट होतं?"

आबांची अडचण वेगळीच होती. गाडीतला संडास ओट्याला लागून, मधे पातळ दार. सून इकडे पोळ्या लाटते आहे आणि आपण तिथे जायचं, हे त्यांच्याच्याने होईना. म्हणून ते गाडी थांबवायला सांगत, आडोसा शोधत आणि गुडघे धरत सावकाश परत चढत. प्रेमराज तोवर स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसे. एकदा मात्र तो बोलून गेला, "आबा, असं थांबत राहिलो तर आपण कुठंच पोचणार नाही." आबा नुसते हसले. त्यानंतर त्यांनी गाडी थांबवायला सांगितलंच नाही. प्रेमराजला वाटलं, झाली सवय.

होळी होऊन गेली होती, ऊन चढायला लागलं होतं. त्या दिवशी ते सकाळी नशिराबादहून निघाले. संध्याकाळपर्यंत गुजरातची हद्द गाठायची, असं प्रेमराजने ठरवलं होतं. एरंडोल मागे पडलं. पारोळं जवळ आलं तशी मागून चारुलता म्हणाली, "पप्पा, आबा बोलत नाहीयेत."

आबा सीटवरून घसरले होते. ओठ पांढरे पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले.

पारोळ्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कमी पितात का हे?"

"नाही हो," दिपमाला म्हणाली, "मी तांब्या भरून देते, तो रिकामाच परत येतो."

आबांनी मोकळ्या हाताने खिडकीबाहेर ओतल्यासारखी खूण केली. मग प्रेमराजकडे बघून, समजूत घालावी तसं म्हणाले, "पानी पिधं का गाडी थांबाडनी पडस. तुले उशीर व्हस."

डॉक्टर खाली मान घालून लिहीत राहिले. त्यांनी झापलं असतं तर बरं, असं प्रेमराजला वाटलं. बापाने इतके दिवस तहान मारली होती आणि आपण पुढच्या काचेतून मुक्काम शोधत होतो. त्याला दिपमालाकडे बघवेना.

काही दिवस प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावलं. धुळ्याच्या अलीकडे आबांचे साडू लोटन नाना यांचा मळा होता. दुसऱ्या दिवशी गाडी तिथे कडुलिंबाखाली लावली. नानांनी खाट टाकली आणि विचारपूस केली. "काही नही, वय शे," म्हणत आबा मुलाचं कौतुक करू लागले, "पोऱ्या बठ्ठं करस मनं. गंज काळजी लेस."

"असा पोऱ्या भेटाले नशीब लागस," म्हणत नानांनी प्रेमराजच्या पाठीवर थाप मारली.

ती थाप त्याला चपराकीसारखी लागली. "नाना, तसं नाही," तो म्हणाला. "गाडी थांबवायला मी कुरकुरायचो, म्हणून आबांनी पाणी पिणं सोडलं."

चहाचे कप घेऊन आलेली दिपमाला जागीच थबकली. आबांचा चेहरा उतरला. "घरनी गोट बाहेर कसाले?" एवढंच बोलून ते कुशीवर वळले.

तेव्हा प्रेमराजला कळलं, की खरं बोलून मोकळं व्हायच्या घाईत आपण आबांची साडूसमोरची एवढीशी शानही काढून घेतली. आता तोंड कुठे लपवावं, हे त्याला समजेना. तो गाडीमागे जाऊन उगाच टायर तपासत बसला.

मग ते मळ्यातच राहिले. दोरीवर कपडे कडक वाळू लागले, चारुलता नानांच्या म्हशीमागे फिरू लागली. निघायचं कधी, ते आबा सांगतील, असं प्रेमराजने जाहीर केलं. आबांनी मात्र बरेच दिवस विषयच काढला नाही. पाण्याचा तांब्या हातात घेतला, की त्यांची नजर अजून आधी प्रेमराजकडे जायची. तो दिसला की ते दोनच घोट घ्यायचे. प्रेमराज मग काहीतरी निमित्त काढून विहिरीकडे निघून जायचा.

एका सकाळी आबा त्याच्याजवळ येऊन उभे राहिले. "पिंपळनेरले मनी बहीण शे," ते खाली बघत म्हणाले. "तठे दोन दिन ऱ्हाऊत का? तुले जमत व्हई तर."

"राहू ना आबा. तुम्हाला वाटेल तितके दिवस."

"नही, दोनच दिन," आबा घाईने म्हणाले.

बाप लेकाकडे परवानगी मागत होता. प्रेमराजने मान हलवली, पण त्यांच्या तोंडाकडे त्याला पाहवलं नाही.